रबरी बटणं विरुद्ध पावाचा डबा

इंग्लंडमधल्या एका ऑफिसात मी तीन वर्षं काढली. तिथे पन्नाशी ओलांडलेले दोन सहकारी होते. दोघंही शांत, मीटिंगमध्ये एकमेकांना आधी बोलू देणारे. पण चहाच्या वेळी कुणाच्या तोंडून चुकून ‘स्पेक्ट्रम’ हा शब्द निघाला, की एकाची पाठ ताठ व्हायची आणि दुसरा गालातल्या गालात हसायचा. मग सुरू. एक म्हणायचा, ‘तुमचे रंग सांडायचे.’ दुसरा म्हणायचा, ‘आणि तुमची चित्रं विटांची.’ सांडलेले रंग म्हणजे काय आणि विटा कसल्या, हे समजायला मला बरेच महिने लागले. पण समजल्यावर लक्षात आलं, की स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ या दोन घरगुती कॉम्प्युटरांवरून चाळीस वर्षांपूर्वी पेटलेलं हे भांडण मुळातून उलगडलं तर कॉम्प्युटर आतून कसा चालतो हेच कळून जातं. म्हणून हा खटाटोप.

आधी होम कॉम्प्युटर म्हणजे काय ते पाहू. १९८०च्या आसपास घरी आणायचा कॉम्प्युटर म्हणजे दिसायला नुसता कीबोर्ड. सगळी यंत्रणा त्याच्याच पोटात. पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला गाण्यांची असते तीच कॅसेट. बटण दाबलं की टीव्हीवर कोरी पाटी आणि एक लुकलुकता चौकोन, म्हणजे ‘बोल, काय करू?’ बोलायचं ते बेसिक नावाच्या भाषेत. पण प्रत्येक कंपनीची बेसिक वेगळी, चिप वेगळ्या, आतली मांडणी वेगळी. एकाची कॅसेट दुसऱ्याला लावली तर त्याला ती नुसती किरकिर वाटणार. आज आपण एकच फोटो कुठल्याही फोनवर उघडतो. तेव्हा तसं नव्हतं. एक यंत्र घेतलं की त्या गावचे तुम्ही कायमचे रहिवासी.

ब्रिटनमध्ये अशी गावं बरीच होती, पण खरी जुंपली ती दोघांत. एक, केंब्रिजच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा झेडएक्स स्पेक्ट्रम. एप्रिल १९८२ मध्ये आला. काळा, वहीएवढा, वर करड्या रबराची चाळीस बटणं आणि कोपऱ्यात इंद्रधनुष्याचा पट्टा. दुसरा, अमेरिकेच्या कमोडोर कंपनीचा कमोडोर ६४. त्याच वर्षी आला. तपकिरी, फुगीर, चांगला जाडजूड. इंग्रजांनी त्याचं नाव ठेवलं पावाचा डबा. ते नाव ठेवणारे बहुधा स्पेक्ट्रमवालेच असावेत, असा माझा आपला कयास.

आता किंमत बघा, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. १६ के मेमरीचा स्पेक्ट्रम १२५ पौंडांना, ४८ केचा १७५ ला. कमोडोर ६४ ब्रिटनमध्ये आला तेव्हा ३९९ पौंडांना, म्हणजे दुपटीहून जास्त. सिंक्लेअर यांचा हिशेब सरळ होता: आधी किंमत ठरवायची, मग तेवढ्या पैशांत काय काय बसतं ते बघायचं. आणि मेमरी ही त्या काळात सोन्याच्या भावाची वस्तू.

हा हिशेब पडद्यावर कसा दिसायचा? स्पेक्ट्रमचा पडदा आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपक्यांचा. गुणाकार केला तर ४९,१५२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला पंधरा-सोळांपैकी कुठलाही रंग देता यावा असं वाटत असेल तर ठिपक्यामागे चार बिट लागतात. (बिट म्हणजे शून्य किंवा एक मावेल एवढी जागा, आठ बिटांचा एक बाइट.) म्हणजे नुसत्या चित्रासाठी २४,५७६ बाइट. स्वस्तातल्या स्पेक्ट्रमची सगळी मिळून मेमरी १६ के, म्हणजे १६,३८४ बाइट! पडदाच मावत नाही, तर प्रोग्रॅम ठेवणार कुठे?

मग सिंक्लेअर यांच्या माणसांनी एक युक्ती केली. शाळेतली गणिताची चौकटींची वही आठवा. पडद्याच्या त्यांनी तशाच चौकटी पाडल्या, प्रत्येक चौकट आठ बाय आठ ठिपक्यांची. आडव्या ३२, उभ्या २४, एकूण ७६८ चौकटी. ठिपका भरलेला की रिकामा, एवढंच ठिपक्यागणिक लिहायचं. त्याला एक बिट पुरतो, म्हणजे ६,१४४ बाइट झाले. आणि रंग ठरवायचा तो चौकटीगणिक: एक शाईचा, एक कागदाचा. चौकटीमागे एकच बाइट. त्यात तीन बिट शाईचे, तीन कागदाचे, एक रंग उजळ करायला आणि एक लुकलुकवायला. सगळं मिळून ६,९१२ बाइट. चोवीस हजारांचं काम सात हजारांच्या आत. काटकसर म्हणून याला तोड नाही.

पण फुकट काहीच मिळत नसतं. एका चौकटीत दोनच रंग, हा नियम आता कुणाच्या बापाला मोडता येत नाही. समजा हिरव्या झाडासमोरून पिवळा माणूस चाललाय आणि मागे काळं आकाश आहे. ज्या चौकटीत माणसाचा खांदा आणि झाडाची फांदी एकत्र येतात तिथे तीन रंग हवेत. मिळणार दोन. मग एक तर फांदी पिवळी होते, नाहीतर खांदा हिरवा. माणूस पुढे सरकतो तसा हा ओघळ चौकटीचौकटीने त्याच्याबरोबर सरकतो. यालाच कलर क्लॅश म्हणत. माझा कमोडोरवाला सहकारी ‘रंग सांडतात’ म्हणायचा ते हेच.

कमोडोरचा हिशेब वेगळा होता, कारण त्यांच्याकडे चिपचा स्वतःचा कारखाना होता. १९७६ मध्येच त्यांनी एमओएस टेक्नॉलॉजी ही चिप बनवणारी कंपनी विकत घेतली होती. दुसऱ्यांना जी चिप बाजारभावाने घ्यावी लागायची ती यांना घरच्या भावात पडायची. तेव्हा चित्रासाठी एक खास चिप, आवाजासाठी दुसरी, असा थाट त्यांना परवडला.

चित्राच्या चिपमध्ये स्प्राइट नावाची सोय होती. बालवाडीत फ्लॅनेलचा बोर्ड असतो ना, त्यावर कापलेलं हत्तीचं चित्र चिकटवायचं आणि उचलून दुसरीकडे ठेवायचं? मागचं जंगल जसंच्या तसं राहतं. तसे आठ हत्ती कमोडोर एका वेळी हलवू शकायचा. प्रोग्रॅमने फक्त सांगायचं, हा इथून तिथे. बाकीचं चिप बघते. स्पेक्ट्रममध्ये बोर्डही नाही आणि कात्रणंही नाहीत, आहे ती वही आणि खोडरबर. हत्ती खोडायचा, मागचं झाड परत काढायचं, शेजारी नवा हत्ती काढायचा, सेकंदाला अनेकदा. आणि हे सगळं त्या एकट्या प्रोसेसरने, म्हणजे सगळी आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपने.

आवाजात तर दरी आणखी रुंद. कमोडोरची सिड ही चिप बॉब यानेस या तरुण इंजिनिअरने बनवली आणि त्याच्या डोक्यात खेळण्याचा पीं-पीं आवाज नव्हता, खरंखुरं वाद्य होतं. तीन सूर एका वेळी, प्रत्येकाचा चढ-उतार वेगळा ठरवता येणार, वर आवाजाचा पोत बदलणारा फिल्टर. याच यानेसने पुढे सिंथेसायझर बनवणारी कंपनी काढली. स्पेक्ट्रममध्ये होता एक छोटा स्पीकर, ज्याला दोनच गोष्टी येत: आत आणि बाहेर. सूर काढायचा तर प्रोसेसरनेच तो सेकंदाला शेकडो वेळा आतबाहेर करायचा. तेवढा वेळ बाकीचं काम ठप्प. पोळ्या लाटणारीलाच मधूनमधून तबल्यावर थाप मारायला सांगावं, तसा प्रकार.

एवढं वाचून वाटेल, मग भांडण कसलं? कमोडोरच सरस, विषय संपला. पण इथेच तर गंमत आहे.

कमोडोरला बहुरंगी चित्र काढायचं असलं की त्याचे ठिपके आडवे दुप्पट रुंद व्हायचे. ३२०चे १६०. त्या विटा! स्पेक्ट्रमच्या रेषा बारीक आणि स्वच्छ राहायच्या. कमोडोरच्या सोळा रंगांत तपकिरी आणि राखाडी छटांची भरती. त्याला स्पेक्ट्रमवाले चिखल म्हणायचे. त्यांचे रंग मात्र भडक, जत्रेतल्या फुग्यांसारखे. वेगाचाही वाद होताच. स्पेक्ट्रमचा झेड-८० प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे त्याच्या आतल्या घड्याळाचे सेकंदाला पस्तीस लाख ठोके. कमोडोरचा जेमतेम एकचा. शाळेत हा आकडा फेकला की समोरचा गार. पण तोही अर्धवटच खरा, कारण घड्याळाचा प्रत्येक ठोका सारख्या कामाचा नसतो. झेड-८०ला लहानात लहान कामाला चार ठोके लागायचे, कमोडोरच्या ६५१० प्रोसेसरला दोन. म्हणजे साडेतीन पटींचा फरक प्रत्यक्षात बराच आकसायचा. तरीही जिथे नुसती आकडेमोड आहे, उदाहरणार्थ रेषांनी काढलेली त्रिमितीय दृश्यं, तिथे स्पेक्ट्रम खरोखरच सुसाट पळायचा.

आणि मला सगळ्यात आवडलेला विरोधाभास बेसिकमधला. आवाजाचा राजा कमोडोर, पण त्याच्या बेसिकमध्ये आवाज काढायची एकही आज्ञा नाही! चित्र काढायचीही नाही. कमोडोरने मायक्रोसॉफ्टकडून जुनी बेसिक एकदाच पैसे मोजून घेतली होती, तीच पुढे रेटली. त्यामुळे नुसता आवाज चालू करायला पोरांना ‘पोक ५४२९६, १५’ असलं काहीतरी लिहावं लागायचं, म्हणजे मेमरीच्या अमुक खोलीत तमुक आकडा नेऊन ठेव. सिंक्लेअरच्या गरीब यंत्रात मात्र रेघ काढायला ड्रॉ, वर्तुळाला सर्कल, सुराला बीप, रंगाला चक्क इंक आणि पेपर. दहा वर्षांचं पोरही अर्ध्या तासात वर्तुळं काढायला लागायचं.

शिवाय अडचणीतून शहाणपण येतं ते आलंच. अल्टिमेट या कंपनीने १९८४ मध्ये ‘नाइट लोअर’ हा खेळ काढला. तिरक्या कोनातून दिसणारी दगडी खोली, आत हिंडणारा माणूस, आणि सगळी खोली एकाच रंगात. रंगच एक, मग सांडणार काय? लोकांनी डोक्यावर घेतला तो खेळ, आणि त्या धाटणीच्या खेळांची रांग लागली. एका बिटाच्या स्पीकरमधून दोन-दोन सूर एकदम निघाल्याचा भास करून देणारे बहाद्दरही निघाले. अशा करामतींचा अभिमान स्पेक्ट्रमवाल्यांना आजही आहे. कमोडोरवाला सहकारी त्यावर म्हणायचा, ‘लंगडीत पहिला आलास, म्हणून दोन पायांच्या माणसाला शिकवू नकोस.’ (शब्द माझे, भाव त्याचा.)

पण यंत्रांच्या गुणदोषांवर माणसं चाळीस वर्षं भांडत नाहीत. मुळात ज्या पोरांनी भांडणं केली त्यांनी यंत्र निवडलंच नव्हतं. निवडलं होतं वडिलांनी, खिसा बघून, नाताळच्या आधी दुकानात. खोका उघडला की जे निघेल ते आपलं. माझ्या स्पेक्ट्रमवाल्या सहकाऱ्याचे वडील ट्रकचालक होते. त्याने कमोडोर मागितला होता, हे त्याने मला एकदाच, कमोडोरवाला रजेवर असताना सांगितलं.

आणि यंत्र आलं की पुढचं सगळं मित्रांवर अवलंबून. स्पेक्ट्रमला कुठलाही घरगुती कॅसेट प्लेअर चालायचा, आणि दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर असला तर खेळाची नक्कल दहा मिनिटांत. शाळेच्या मैदानावर कॅसेटी हातोहात फिरायच्या. चोरीच ती, पण वर्गातली निम्मी पोरं करायची. आता तुमच्या वर्गात सगळे कमोडोरवाले आणि तुमच्या घरी स्पेक्ट्रम असेल, तर तुम्हाला उधार कॅसेट देणार कोण? तेव्हा आपलं गाव मोठं व्हायला हवं, ही पोटाचीच गरज. एक मित्र फोडून आपल्याकडे आणला की वीस खेळ वाढले. प्रचाराला एवढा रोकडा फायदा असल्यावर प्रचारक तयार व्हायला वेळ लागत नाही.

ती कॅसेट लावणंही एक व्रत होतं. स्पेक्ट्रमवर ‘जे’ दाबलं की पडद्यावर आपोआप ‘लोड’ शब्द उमटायचा, मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा ‘पी’, म्हणजे अवतरणचिन्हं, मग एंटर. प्लेअर सुरू. पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे सरकायचे, एक लांबलचक सूर. मग कर्कश चिरका आवाज आणि निळे-पिवळे बारीक पट्टे. चार-पाच मिनिटं श्वास रोखून बसायचं. शेवटच्या मिनिटाला ‘आर टेप लोडिंग एरर’ आलं, की छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन प्लेअरच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. ज्या यंत्रासाठी एवढं सोसलं त्याला दुसऱ्याने नावं ठेवावीत, हे कसं खपेल?

या आगीत तेल ओतणारे दोन्हीकडून कमवत होते. स्पेक्ट्रमवाल्यांचं लाडकं मासिक ‘क्रॅश’ १९८४ मध्ये निघालं. कमोडोरवाल्यांचं ‘झॅप ६४’ पुढच्या वर्षी. दोन्हींच्या पानांवर एकमेकांच्या यंत्राची टवाळी. आणि दोन्ही निघायची लडलो नावाच्या एकाच छोट्या गावातून, न्यूजफील्ड या एकाच प्रकाशनाकडून. मुखपृष्ठंही ऑलिव्हर फ्रे या एकाच चित्रकाराची! माझ्या सहकाऱ्यांना हे ठाऊक होतं. त्यांना त्यात काही विनोदी वाटत नव्हतं, हे मला जास्त विनोदी वाटलं.

पोरांचं सोडा, मोठ्यांनी तरी कुठे कमी केलं? सिंक्लेअर यांचे जुने सहकारी क्रिस करी यांनी हर्मन हाउझर यांच्याबरोबर एकॉर्न ही कंपनी काढली आणि बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पाचं कंत्राट सिंक्लेअर यांच्या नाकासमोरून नेलं. तो बीबीसी मायक्रो. शाळांमध्ये तोच, घरी मात्र सुखवस्तूंकडे. हे तिसरं गाव, जरा शिष्टांचं. डिसेंबर १९८४ मध्ये एकॉर्नने जाहिरात दिली, तिचा रोख असा की सिंक्लेअरची यंत्रं फार बिघडतात. त्यानंतर केंब्रिजच्या ‘बॅरन ऑफ बीफ’ या पबमध्ये सर क्लाइव्ह यांना करी दिसले आणि सरांनी वर्तमानपत्राची सुरळी करून त्यांना हाणलं. आदल्याच वर्षी सरांना राणीकडून ‘सर’की मिळाली होती.

कमोडोरचे प्रमुख जॅक ट्रमिएल हे तर ऑशविट्झमधून जिवंत सुटलेले गृहस्थ, धंद्याला ते युद्धच म्हणायचे. अमेरिकेत १९८३ मध्ये त्यांनी जाहीर केलं, कुठलाही जुना कॉम्प्युटर किंवा व्हिडिओ गेम आणून द्या, कमोडोर ६४वर शंभर डॉलर सूट. सिंक्लेअरच्याच आधीच्या यंत्राची अमेरिकन आवृत्ती तेव्हा टायमेक्सच्या नावाने कवडीमोलाने मिळत होती. काही दुकानदार ६४बरोबर ती अवघ्या दहा डॉलरला द्यायचे, म्हणजे इकडून घ्या आणि तिकडून सूट उकळा. कमोडोरच्या ऑफिसात त्या यंत्रांचा उपयोग म्हणे दार उघडं ठेवायला अडसर म्हणून होत असे.

मग जानेवारी १९८४ मध्ये ट्रमिएलच कमोडोरमधून बाहेर पडले आणि त्याच वर्षी त्यांनी अटारी या प्रतिस्पर्धी कंपनीचा घरगुती कॉम्प्युटरचा धंदा विकत घेतला. इकडे कमोडोरने अमिगा नावाची कंपनी घेतली, जिचा मुख्य शिल्पकार जे मायनर हा पूर्वीचा अटारीचा माणूस. १९८५ मध्ये अटारी एसटी आणि कमोडोर अमिगा आमनेसामने आले. म्हणजे कमोडोरच्या माणसाचा अटारी आणि अटारीच्या माणसाचा कमोडोर. सेनापतींनी तळ बदलले होते, सैनिक मात्र आपापल्या झेंड्याखाली नव्या जोमाने भिडले. सिंक्लेअर तोवर थकले होते. एप्रिल १९८६ मध्ये त्यांनी कॉम्प्युटरचा धंदा आणि नाव अ‍ॅमस्ट्रॅड या ब्रिटिश कंपनीला पन्नास लाख पौंडांना विकलं. कमोडोरचं दिवाळं १९९४ मध्ये वाजलं. दोघांनाही आयबीएमच्या पठडीतल्या, कुणीही बनवावा अशा रटाळ पीसीने गिळलं. एकॉर्नने १९८५ मध्ये बनवलेल्या एआरएम प्रोसेसरचे वंशज मात्र तुम्ही हे वाचताय त्या फोनमध्ये बहुतेक बसलेले असतील. त्या शिष्टांच्या गावाला शेवटी लॉटरी लागली.

आपल्याकडे हे भांडण फारसं पोहोचलंच नाही. भांडायला आधी दोन घरांत दोन यंत्रं लागतात. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या सरकारी योजनेत देशभरातल्या काही शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. डीबी स्पेक्ट्रम या नावाने स्पेक्ट्रम प्लसही परवान्याने इथे विकला गेला. पण चपला बाहेर काढून, रांगेत, एका यंत्राला सहा डोकी अशा हिशेबाने जो कॉम्प्युटर बघायला मिळतो, त्याला कुणी ‘माझा’ म्हणत नाही.

तिकडे मात्र अजून विझलेलं नाही. २०१७ मध्ये स्पेक्ट्रमच्या भक्तांनी लोकवर्गणी काढून ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ हे नवं यंत्र बनवायला घेतलं. खोका आखला रिक डिकिन्सन यांनी, म्हणजे मूळ स्पेक्ट्रमचं रूप ज्यांनी घडवलं त्यांनीच. त्यांना २०१८ मध्ये मृत्यूने गाठलं. यंत्र २०२० मध्ये लोकांच्या हाती पडायला लागलं. माझ्या सहकाऱ्यानेही वर्गणी भरली होती. मी तोवर पुण्याला परतलो होतो. त्याने आम्हा तिघांच्या ग्रुपवर फोटो टाकला: काळा कीबोर्ड, इंद्रधनुष्याचा पट्टा, शेजारी चहाचा मग. खाली यादी: शेकडो रंग, वेग जुन्याच्या आठपट, आवाज तीन चिपचा.

कमोडोरवाल्याने दोन दिवस काही उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी एकच ओळ आली: ‘स्प्राइट आहेत का यात?’

आहेत. एकशे अठ्ठावीस. पण ते ग्रुपवर कबूल करायला स्पेक्ट्रमवाल्याने आठवडा घेतला.